हाताची मोजणी आणि जिभेची मोजणी : मराठी बालवाडीतील संख्यासाधनांची चिकित्सा

१

तीन ते सहा या वयाच्या मुलांना संख्येची ओळख हाताने करून द्यावी, हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत स्तर मानला. त्या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये 'जादुई पिटारा' या नावाची खेळसाहित्याची पेटी केंद्र शासनाने प्रसृत केली. मणी, ठोकळे, काड्यांचे गठ्ठे ही साधने पुण्यातील बालवाड्यांना काही नवी नाहीत. या साधनांचे परीक्षण होते तेव्हा बहुधा दोन प्रश्न विचारले जातात. त्यांमुळे मुलाची बोटे घडतात काय, हा पहिला. संख्येची कल्पना स्पष्ट होते काय, हा दुसरा. साधन हाताळताना मूल जे संख्यावाचक शब्द उच्चारते, त्या शब्दांची घडण आणि साधनाची घडण यांचा मेळ बसतो काय, हा तिसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तो भाषाशास्त्राच्या कक्षेतला आहे, आणि त्याचाच विचार येथे कर्तव्य आहे.

प्रश्नाचे स्वरूप एका साध्या उदाहरणाने ध्यानात येईल. पाच वर्षांच्या मुलापुढे दहा-दहा मण्यांच्या सरी आणि काही सुटे मणी ठेवले आहेत. बाई त्याला पंचवीस मांडावयास सांगतात. शिकविल्याप्रमाणे ते प्रथम दोन सरी डावीकडे ठेवते, मग उजवीकडे पाच सुटे मणी ठेवते, आणि म्हणते, 'पंचवीस'. हाताने आधी वीस ठेवले व नंतर पाच. जिभेने आधी पाच उच्चारले व नंतर वीस. पुढे एकोणतीस मांडण्याची वेळ येते. हात दोन सरी व नऊ मणी ठेवतो. जीभ मात्र ना दोनाचे नाव घेते, ना नवाचे. ती तिसाचे नाव घेते, आणि तीस तर मुलाच्या पुढ्यात कोठेच नसतात. हात एक सांगतो व जीभ दुसरे सांगते, अशा स्थितीत मुलाने दोन्ही पाठ करून मोकळे व्हावे, एवढीच अपेक्षा उरते. ज्या पद्धतीने पाठांतराला पर्याय देण्याची प्रतिज्ञा केली, तिचा शेवट असा पाठांतरात व्हावा, ही गोष्ट विचारणीय आहे.

२

ही साधने मराठी मुलांपर्यंत कशी आली हे पाहिले म्हणजे या विसंगतीचे मूळ सापडते. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत उघडले. बारीक मुठीच्या दट्ट्यांची पेटी, तांबड्या-निळ्या पट्ट्यांचे दहा संख्यादांडे, खरकागदी अंक, पंचेचाळीस तकल्यांची पेटी, सोनेरी मणी, आणि सेगँ या फ्रेंच वैद्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फळ्या हा त्या पद्धतीचा साधनसंच होय. त्यात एक सूक्ष्म योजना आहे. दट्ट्या उचलताना अंगठा व दोन बोटे यांची जी पकड तयार होते, तीच पुढे लेखणी धरण्याच्या कामी येते. खरकागदी अंकावरून बोट फिरविताना अंकाची आकृती स्नायूंत मुरते. हाताचे शिक्षण आणि संख्येचे शिक्षण ही दोन वेगळी खाती नव्हेत, हा या योजनेचा गाभा असून तो आजही ग्राह्य आहे.

सेगँच्या फळ्यांचे तंत्र असे : फळीवर दहा, वीस, तीस असे अंक लिहिलेले असतात, आणि त्यांतील शून्यावर एक ते नऊ अंकांच्या पट्ट्या सरकवावयाच्या असतात. वीसच्या शून्यावर पाच सरकविले की पंचवीस होतात. इटालियन भाषेत विसापुढील संख्यांची नावे अगदी याच क्रमाने घडलेली आहेत. तेथे दशकाचे नाव आधी येते व एककाचे मागाहून. फळी सरकते त्याच दिशेने शब्दही सरकतो. अकरा ते सोळा या संख्यांपुरता इटालियनमध्येही उलट क्रम आहे, परंतु तो अपवाद तेवढ्यावरच संपतो. साधन निर्माण करणाऱ्यांना भाषेची अडचण फारशी जाणवली नसावी, कारण भाषाच साधनाला अनुकूल होती.

भारतात ही पद्धती रुजविणाऱ्यांनी साधनांचे अंधानुकरण केले, असे मात्र म्हणता येणार नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्तीत बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक त्यांना तेथे येऊन मिळाल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर जे कार्य उभारले, त्यात पुणे जिल्ह्यातील मोरगावी जन्मलेल्या अनुताई वाघ यांचा वाटा फार मोठा आहे. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या ताराबाईंच्या विचारातून 'अंगणवाडी' हा शब्द मिळाला, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी आरंभ झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे तो देशभर गेला. महागड्या लाकडी संचाऐवजी बिया, शंख-शिंपले, खडे, पाने, माती अशा सहज मिळणाऱ्या वस्तूंनी काम भागते, हे या कार्याने दाखवून दिले. साधनाचे द्रव्य अशा रीतीने देशी झाले. परंतु दशक आधी व सुटे मागाहून हा मांडणीचा क्रम परभाषेतून आला तसाच पुष्कळ ठिकाणी राहिला. चिंचोके मराठी झाले, त्यांची ओळ मात्र इटालियनच राहिली.

३

मराठी संख्यावाचकांची घडण येथे थोडक्यात पाहणे अवश्य आहे. संस्कृतातील पञ्चविंशति या क्रमाचाच वारसा प्राकृतांतून मराठी, हिंदी, गुजराती व बंगाली या भाषांना लाभला. म्हणून या सर्व भाषांत एकक आधी व दशक मागाहून येते. कन्नड व तेलुगू यांत क्रम याच्या नेमका उलट आहे. महाराष्ट्राच्या दक्षिण सीमेवर हे दोन्ही क्रम एकाच बाजारात ऐकू येतात. विटीदांडूच्या खेळातील वकट, लेंड, मूंड, नाल ही मोजणी पाहिली म्हणजे तेलुगूतील पहिल्या चार संख्यावाचकांशी तिचे साम्य तत्काळ लक्षात येते. एका मोजणीबरोबर दुसरी मोजणी हाताशी बाळगणे मराठी मुलाला कधी जड गेले नाही, याचा हा पुरावाच मानावा लागेल.

क्रमापेक्षा अधिक अडचण रूपांची आहे. दीर्घकाळच्या ध्वनिपरिवर्तनामुळे एकच घटक निरनिराळ्या वेषांत दिसतो. दोन ही संख्या बावीस, बत्तीस, बेचाळीस, ब्याऐंशी या शब्दांत बा, ब, बे, ब्या अशी रूपे घेते. दशकेही तशीच पालटतात. पन्नास हे एक्कावन्नात 'वन्न' होतात, साठ हे एकसष्टात 'सष्ट' होतात, सत्तर हे एकाहत्तरात 'हत्तर' होतात, नव्वद हे एक्क्याण्णवात 'ण्णव' होतात. यांमुळे शंभरापर्यंतच्या संख्यांची नावे मुलाला जवळजवळ एकेक करून शिकावी लागतात.

या शब्दांत 'एकोण'ची नावे सर्वांत कठीण, असा सार्वत्रिक समज आहे. रूपांची तुलना केली असता तो टिकत नाही. एकोणीस या जुळलेल्या रूपाचा अपवाद सोडला, तर एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद या सर्व शब्दांत दशकाचे नाव अविकृत व पूर्ण ऐकू येते. एकसष्टात साठ लपलेले आहेत. एकोणसाठात ते उघड आहेत. 'एकोण' म्हणजे एकाने ऊन, एकाने कमी. हा घटकही प्रत्येक वेळी तोच राहतो. हिंदीत नवासी हा शब्द ही परंपरा सोडतो, मराठीने एकोणनव्वदापर्यंत ती सांभाळली आहे आणि केवळ नव्व्याण्णव या एका शब्दाशी ती सोडली आहे. म्हणजे घडणीच्या दृष्टीने ज्याला दुर्बोध म्हटले जाते तोच गट सर्वांत सुबोध आहे. तो दुर्बोध ठरतो तो हातातील साधनामुळे. कारण साधन दोन सरी व नऊ मणी दाखविते, आणि शब्द तीन सरी व एक उणा मणी दाखवू इच्छितो.

४

या अडचणीची जाहीर चर्चा महाराष्ट्रात एकदा झाली आहे. पुण्यातील पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे बालभारतीने, २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात दोन अंकी संख्यांच्या वाचनाची नवी रीत दिली. पंचवीस हे 'वीस पाच' असे वाचावे, अशी ती रीत. प्रचलित शब्दही पुस्तकात तिच्याबरोबर होते. गणित विषयाच्या समितीचे अध्यक्षपद डॉ. मंगला नारळीकर यांच्याकडे होते. जोडाक्षरांनी भरलेले शब्द आणि लेखनाच्या उलट येणारा उच्चार यांमुळे मुलांच्या मनात गणिताविषयी धास्ती बसते, आणि दाक्षिणात्य भाषांत व इंग्रजीत ही अडचण नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यावर वृत्तपत्रांतून मोठे वादळ उठले व विधिमंडळातही त्याचे पडसाद उमटले. भाषेचे सौष्ठव जाईल, बाजारात मुले गोंधळतील, असे एका पक्षाचे म्हणणे होते. मुलांची सोय महत्त्वाची, असे दुसऱ्या पक्षाचे.

नारळीकरांचे निदान बरोबर होते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. जर्मन भाषेतही एकक आधी उच्चारले जाते, आणि जर्मनभाषी लहान मुलांच्या संख्यालेखनातील चुकांत अंकांच्या अदलाबदलीचा वाटा मोठा असतो, असे अभ्यासकांना आढळले आहे. केव्हिन मिलर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास तर बालवाडीच्या वयाविषयीच आहे. चिनी भाषेत दहापुढील संख्यांची नावे 'दहा-एक', 'दहा-दोन' अशी सरळ असतात. दहापर्यंतच्या मोजणीत चिनी व अमेरिकन मुलांत त्यांना फरक आढळला नाही. दहापुढे मात्र चिनी मुले स्पष्टपणे पुढे गेली. मोजक्या वस्तू प्रत्यक्ष मोजण्यात मात्र दोघांत अंतर नव्हते. भाषेची अडचण जिभेची असते, हाताची नव्हे, असा याचा अर्थ होतो.

निदान बरोबर असले तरी उपाययोजना तपासून पाहावी लागते. नॉर्वेच्या संसदेने १९५१ मध्ये 'पाच-आणि-वीस' हा जुना क्रम सोडून 'वीस-पाच' हा क्रम अधिकृत केला. दूरध्वनीचे क्रमांक सांगताना होणारे घोटाळे हे त्याचे एक प्रमुख कारण होते. शाळा व नभोवाणी यांचे बळ पाठीशी असूनही घरगुती बोलण्यात जुना क्रम कित्येक दशके टिकून राहिला. संख्यांची नावे ही स्वयंपाकघराची, बाजाराची, वयाची व पैशाची नावे असतात; पाठ्यपुस्तकाच्या आज्ञेने ती सहजासहजी बदलत नाहीत. 'वीस पाच' हे पंचविसाचे दुसरे नाव म्हणून दिले गेले, ही त्या रीतीची खरी उणीव होय. ते नाव नव्हते, ती नावाची फोड होती. फोड म्हणून ती दिली असती तर वादाचे कारणच उरले नसते. शिवाय हा उपाय दुसऱ्या इयत्तेत, म्हणजे सात वर्षांच्या वयाला आला. तोवर नावे कानांवर पडून गेलेली असतात, आणि मण्यांशी खेळण्याचे वयही बव्हंशी सरलेले असते.

५

मराठी परंपरेत अशी फोड करण्याची रीत पूर्वीपासून आहे, याचे विस्मरण दोन्ही पक्षांना झाले. 'एकावर एक अकरा', 'दोनावर पाच पंचवीस' ही उजळणी पिढ्यानपिढ्या घोकली गेली. तीत आधी दशकाचा अंक, मग एककाचा अंक आणि शेवटी संख्येचे नाव येते. लेखनाचा क्रम व उच्चाराचा क्रम यांच्यामधला तो पूल आहे. पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर बोटाने अंक गिरवीत असे. खरकागदी अंक आणि धूळपाटी यांत तत्त्वतः फार अंतर नाही. ती शाळा सर्वस्वी जिभेची होती, हा समज त्यामुळे दुरुस्त करावा लागतो.

तथापि उजळणीलाही मर्यादा आहे. 'दोनावर पाच' यातील दोन हा पाटीवरचा अंक आहे; ते वीस आहेत हे उजळणी सांगत नाही. माँटेसरींचे मणी ते दाखवितात, पण त्याला मराठी नाव जोडून देत नाहीत. २०१९ ची रीत वीस हे मूल्य उच्चारते, पण नाव बाजूला सारते. तिघांकडे एकेक अंश आहे, आणि ते एकत्र येण्याचे योग्य स्थान बालवाडीतील चटई हे होय.

तेथे करावयाची योजना साधी आहे. पंचवीस मांडताना मुलाने नावाच्या क्रमाने सुरुवात करावी : उजव्या हाताला पाच चिंचोके, मग त्यांच्या डावीकडे दहा-दहांचे दोन गठ्ठे. मांडताना म्हणावे, 'पाच आणि वीस, पंचवीस'. मांडून झाल्यावर डावीकडून बोट फिरवीत वाचावे, 'वीस आणि पाच'. लेखनाचा अंक यानंतर समोर ठेवावा. दोन क्रम आहेत ही गोष्ट लपविण्याऐवजी ती मुलाच्या हाताला उघडपणे कळावी, हा यातील हेतू. एकोणतिसासाठी तीन पूर्ण सरी मांडाव्यात आणि मुलाने स्वतःच्या चिमटीने एक मणी काढून घ्यावा. गळालेल्या मण्याची रिकामी जागा दिसत राहिली की 'एकोण' हा उपसर्ग वेगळा समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. दोन सरी व नऊ सुटे मणी आणि एक मणी गळालेल्या तीन सरी समान आहेत, हे मुलाने मण्याला मणी लावून पडताळावे. वजाबाकीचा पहिला धडा त्याला तेथेच मिळतो. अशा मुलाने पुढे नव्व्याण्णवाला 'एकोणशंभर' म्हटले, तर ती चूक सुधारण्यापूर्वी तिचे मनोमन कौतुक करावे. ज्याला शब्दाची घडण कळली, तेच मूल अशी चूक करू शकते.

६

बोटांच्या सूक्ष्म हालचालींसाठी दिल्या जाणाऱ्या कामांतही भाषेचा असाच विसर पडलेला दिसतो. बाजारात मिळणाऱ्या संचांत लोकरी गोळे चिमट्याने उचलून प्लॅस्टिकच्या खणांत टाकणे, यासारख्या कृती असतात. त्यांत दोष काही नाही. परंतु त्या कृतींना मराठी नाव नसते, आणि नाव नसलेली कृती घरी गेल्यावर संपते. उलट शेंगा सोलणे, डाळीतील खडे टिपणे, फुले ओवणे, वाती वळणे, लाडू वळणे या कृतींना एकेक नेमके क्रियापद आहे, आणि प्रत्येक क्रियापदात बोटांची एक निराळी हालचाल आहे. सोलणे, टिपणे, ओवणे, वळणे हा भेद ज्या मुलाच्या तोंडी आहे, त्याच्या बोटांतही तो असतो. मराठीत चिमूट हा शब्द अंगठा व बोटे यांच्या पकडीचा आहे आणि तोच मिठाच्या मापाचाही आहे. मूठ व ओंजळ हे हाताचे आकार आहेत आणि धान्याची मापेही आहेत. वीत हा पसरलेला हात आहे आणि लांबीही आहे. हाताचे शिक्षण व मोजमापाचे शिक्षण एकच असल्याचे भाषेने असे आधीच नोंदवून ठेवले आहे.

सागरगोट्यांचा खेळ याचे उत्तम उदाहरण होय. पाच सागरगोट्यांपैकी एक वर उडवावयाचा आणि तो खाली येण्यापूर्वी जमिनीवरचे उचलावयाचे : आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन व एक, मग चारही एकदम. डोळा, मनगट व बोटे यांचा मेळ तर यात साधतोच, शिवाय चार या संख्येच्या विभागण्या हाताला पाठ होतात. बालवाडीच्या वयाला सागरगोटा उडविणे कठीण. त्याऐवजी तो जमिनीवर घरंगळत सोडला तरी खेळाचा गणिती भाग शाबूत राहतो. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती मणी किंवा चिंचोके देऊ नयेत आणि त्याहून मोठ्या मुलांजवळही मोठे माणूस असावे, ही खबरदारी मात्र सांगितलीच पाहिजे. लहान वस्तू नाकात, कानात व घशात अडकतात.

७

या सर्व विवेचनाचा संबंध एका घडत असलेल्या हानीशी आहे. पुण्याच्या मंडईत विक्रेता 'पंच्याऐंशी' म्हणाला की शाळकरी मूल आईकडे वळून 'म्हणजे एटीफाइव्ह का?' असे विचारते. हे दृश्य आता विरळा राहिलेले नाही. मराठी माध्यमाच्या शाळांतही सेमी-इंग्रजी वर्गांत गणित इंग्रजीतून शिकविले जाते, दूरध्वनीचे क्रमांक इंग्रजी अंकांत सांगितले जातात, आणि मराठी संख्यावाचक आजी-आजोबांच्या तोंडी उरतात. पालक इंग्रजीकडे वळतात त्याची अनेक कारणे आहेत. परंतु मराठी संख्या अवघड असतात, हा समज त्यांतील एक कारण होय. तो समज अंशतः खरा आहे. मात्र या अवघडपणाचा काही भाग शब्दांतून आलेला नाही, तो परक्या मांडणीतून आलेला आहे. तेवढा भाग दूर करणे बालवाडीच्या हाती आहे, आणि त्याला मूठभर चिंचोक्यांपलीकडे खर्च नाही.

येथे सुचविलेली योजना निरीक्षणाने तपासली गेली पाहिजे. नावाच्या क्रमाने मांडणी करणारी मुले आणि प्रचलित क्रमाने मांडणी करणारी मुले यांच्या लेखनातील अदलाबदलीच्या चुका शेजारी ठेवून पाहणे, हे काम भाषाशास्त्र व बालशिक्षण या दोन विभागांनी मिळून करण्याजोगे आहे. बालशिक्षणतज्ज्ञांनी हाताकडे पाहिले, भाषाशास्त्रज्ञांनी शब्दाकडे पाहिले. मूल मात्र मणी उचलता उचलता नाव घेते. ते दोन्ही एकाच वेळी करते, म्हणून त्याच्याकडे पाहणाऱ्यांनाही दोन्ही एकाच वेळी पाहावे लागेल.